इनासचं तिकाटणं

"ह्यां काय हाडलंस रे? माका म्हातारो केलंस काय?"

आबांनी एवढंच विचारलं आणि तोंड फिरवलं. इनासने ते तिकाटणं आमच्या घरापुढच्या खळ्याच्या मधोमध उभं केलं होतं. चिव्याच्या बांबूचे तीन पाय. प्रत्येक पाय दोन तुकड्यांचा, वरच्या पोकळ नळीत खालची काठी सरकणारी, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे पितळेचं कडं. कड्याचा पीळ सैल केला की पाय हवा तेवढा लांब किंवा आखूड व्हायचा, पीळ आवळला की जागच्या जागी घट्ट. तिन्ही पाय जिथे एकत्र येत तिथे त्याने चामड्याची एक छोटी झोळी बसवली होती, बंदुकीची नळी टेकण्यापुरती.

"म्हातारो नाय आबांनू," इनास म्हणाला. "माझो काको नैरोबीक होतो. तो सांगी, थंयचे गोरे शिकारी बंदूक अशीच टेकवतत. सिंहाक मारणारे लोक. ते काय सगळे म्हातारे?"

"माका काठयेर टेकून मारूक नको."

"बरां," इनास म्हणाला आणि तिकाटणं न मिटता तसंच ठेवून विहिरीवरच्या पंपाकडे गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो वळल्यावर आबांनी पायाच्या अंगठ्याने एक पाय हळूच ढकलून बघितला. तिकाटणं हललं नाही.

माझे आबा, भिवाजी गवस, तिळारीच्या खोऱ्यातले नावाजलेले शिकारी. आदल्या वर्षी झाडावर बांधलेल्या माळ्यावरून ते खाली पडले आणि डावा खांदा मोडला. हाडवैद्याने बसवला, पण वाकडा बसला. हात छातीच्या वर जाईना. जेवायला, आंघोळीला, विडी ओढायला उजवा पुरत होता. पण दुनळी बंदूक एका हाताने कोण पेलणार? नळी खालून धरायला डावा लागतो. म्हणून बंदूक माजघरात खुंटीला लटकली ती लटकलीच. त्या हिवाळ्यात गावातली माणसं शिकारीला जाताना आमच्या घरासमोरची वाट सोडून ओहोळापलीकडून जाऊ लागली. आबांना वाईट वाटू नये म्हणून. आबा पायरीवर बसून राहायचे आणि लांब कुठे बार झाला की म्हणायचे, "ही दाजीची." किंवा, "ही ठासणीची, परबाची."

इनास डिचोलीचा. त्याच्या बापाचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. पोर्तुगीज गेले, नवे कायदे आले, नवे परवाने आले, आणि दुकान बसलं. इनास सायकल घेऊन आमच्या बाजूच्या गावांत फिरायचा. कुलपं, पंप, शिवणयंत्रं, काय मिळेल ते दुरुस्त करायचा. आमच्याकडे आला की आबांची बंदूक उतरवून, पुसून, तेल घालून परत खुंटीला लावायचा. कोणी सांगितलेलं नसायचं. पैसेही घ्यायचा नाही. आई त्याला पेज वाढायची, कधी सुका बांगडा भाजून द्यायची, आणि तो पडवीत बसून जेवायचा. तो ख्रिस्ती, म्हणून आई त्याचं ताट वेगळं ठेवायची. तेही त्याला ठाऊक होतं. जेवून झालं की ताट स्वतः विसळून त्या वेगळ्या जागी नेऊन ठेवायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांची. दोन स्थळं येऊन गेली होती, तिसरं यायचं होतं.

तिकाटण्याला पहिला हात मी लावला. दुसऱ्या दिवशी आबा परसात गेलेले बघून मी ते उचललं आणि शेताच्या बांधावर, मेरेवर, नेऊन उभं करायला गेले. मेरेचा उतार, त्यामुळे एक पाय वर, दोन खाली. वाकडंच उभं राहिलं.

"खालचो पाय सोड. वरचो आखूड कर," मागून इनास म्हणाला. तो कधी आला होता कळलं नाही.

"पीळ फिरना नाय."

"बोटांनी नको. मनगटान फिरव. अशी."

त्याने माझा हात धरला नाही. स्वतःचं मनगट माझ्या समोर धरून फिरवून दाखवलं. मी तसं फिरवलं आणि कडं सैल झालं.

"तुका कित्याक शिकूक व्हयां?" त्याने विचारलं.

"आबांचो डावो हात मीच मा? भात मी कालवतंय, धोतराक गाठ मी मारतंय. ह्यां कोण करतलां?"

तो हसला. मग आम्ही मेरेवर, खडकावर, ओहोळाच्या उतारावर, जिथे म्हणून जमीन वाकडी होती तिथे तिथे ते उभं करून बघितलं. उभ्याने मारायचं तर केवढं, गुडघ्यावर बसून मारायचं तर केवढं, पालथं पडून मारायचं तर केवढं. तो बंदुकीऐवजी झाडू झोळीत टेकवून डोळा लावायचा आणि म्हणायचा, "बोटभर वर," किंवा "डावो पाय भायर." मी पीळ सोडायची, आवळायची. संध्याकाळपर्यंत माझं मनगट सुजलं. रात्री आई तेल चोळताना म्हणाली, "त्या पोराबरोबर मेरेर उभी राव नको. लोक बगतत." मी हूं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

एकदा त्याने झाडूवरून डोळा न काढता सांगितलं, "माझो भाव कुवेताक आसा. तेणा कागद धाडले आसत."

"मगे?"

"शिमग्यापयलीं जावंचां."

"परत कधी?"

"दोन वर्सांनी सुटी गावता म्हणतत." मग तो म्हणाला, "उजवो पाय भायर." मी उजवा पाय बाहेर काढला. त्यानंतर तो जवळजवळ रोज यायला लागला. आमच्या पंपात रोज काही ना काही बिघडलेलं त्याला सापडत होतं.

आबांनी एके सकाळी, जणू काही तो विचार आत्ताच सुचला असावा तसं, म्हटलं, "तारू, बंदूक काड." मी काढली. त्यांनी खळ्याच्या कडेला करवंटी ठेवायला सांगितली. मी तिकाटणं लावलं, पाय जमवले, आबांनी नळी झोळीत ठेवली आणि उजव्या खांद्याला दस्ता लावला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बार झाला, करवंटी उडाली, कोंबड्या ओरडत पडवीत घुसल्या. आबा बंदूक तशीच धरून राहिले. मग म्हणाले, "चामड्याक थोडां मेण लाव. नळी घसारता." इनास मेण आणायला गेला, आणि मी कोंबड्या हाकलायचं निमित्त करून पडवीत गेले.

गावात रानडुक्कर शिरलं ते त्याच सुमाराला. कळपातून वेगळा पडलेला जुना नर, सुळे बाहेर आलेले. सुरुवातीला त्याने रताळ्यांचे वाफे उकरले, तोवर लोकांनी शिव्या देऊन सोडून दिलं. मग सोनू धुरी काजूच्या बागेत पाला गोळा करत असताना तो अंगावर आला. सोनूची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. त्याला डोलीत घालून सावंतवाडीला नेलं. पाय वाचला, पण सोनू पुन्हा कधी सरळ चालला नाही. सोनू आणि आबा बरोबर वाढलेले.

गावचे चार जण आबांकडे आले. खळ्यात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी दाजी गवस म्हणाले, "भिवाजीनू, बंदूक देशात? दुनळी दुसऱ्या कोणाकडे नाय. माणूस आमचो जायत."

"बंदूक माझ्या नावार आसा," आबा म्हणाले. "ती जातली तर माझ्या वांगडा जातली."

"तुमचो हात..."

"माझो हात ही." आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आई आतून बाहेर आली. तिने लोकांसमोर आबांना कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "चेडवाक डुकराच्या म्होरां उभी करतल्यात? उद्या तिच्याशी लगीन कोण करतलो?"

"मी वांगडा आसंय," पंपाशी बसलेला इनास म्हणाला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. "पाय मी केले. खंय अडले तर माकाच कळतले." आई त्याच्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. ती अडवणार नाही हे मला कळलं.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. काजू मोहरले होते, गवतावर दव होतं, चालताना माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. हाकाऱ्यांनी डोंगराच्या वरच्या अंगाने डबे आणि ढोल घेऊन यायचं, डुकराला ओहोळाच्या कोरड्या पात्रात उतरवायचं, आणि आबांनी पात्राच्या तोंडाशी असलेल्या खडकामागे बसायचं, असं ठरलं होतं. आबांनी जागा स्वतः निवडली. खडकामागे गुडघ्यावर बसून समोर पात्राचं तोंड नीट दिसत होतं. मी तिकाटण्याचे तिन्ही पाय आखूड केले. आबांनी नळी झोळीत ठेवली, डोळा लावला, मान हलवली. सगळं जमलं होतं.

इनास माझ्यापासून हातभर अंतरावर, खडकाला पाठ लावून बसला होता. वाट बघताना कोणी बोलायचं नसतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. त्याने नजर काढली नाही, मीही काढली नाही. वरून ढोलांचा आवाज सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.

डुक्कर पात्रात उतरलं, पण तोंडाकडे आलं नाही. मध्येच वळलं आणि आमच्या डाव्या हाताला, खालच्या खोलगट जागेत शिरलं. तिथे हाकाऱ्यांपैकी पांडू वर चढत होता. तो चुकून पुढे आला होता. डुक्कर त्याच्यासमोर थांबलं. पांडूच्या हातात फक्त डबा आणि काठी. तो मागे सरकायला गेला आणि दगडावर बसला तो बसलाच. डुकराने मान खाली घातली.

"उभो राव," आबा स्वतःशीच म्हणाले आणि उठले. बसून खाली दिसत नव्हतं, खडक मध्ये येत होता. उभं राहून खाली नेम धरायचा, म्हणजे तिकाटणं छातीएवढं उंच हवं. मी पहिला पीळ सोडला, पाय ओढला, आवळला. दुसरा सोडला, ओढला, आवळला. तिसरा पीळ सुटला, पण काठी नळीतून बाहेर येईना. दवाने चिवा फुगला होता. मी दोन्ही हातांनी ओढलं. येईना.

"तारू!" आबा ओरडले.

इनासने तिकाटणं माझ्या हातातून घेऊन बाजूला फेकलं. खडकाच्या कडेने एक पाऊल खाली उतरला, आबांकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "आबांनू, खांदो घ्या."

आबांनी क्षणभर थांबून त्याच्याकडे बघितलं. मग नळी त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवली. इनासने दोन्ही हात वर करून नळी घट्ट धरली. तो अजिबात हलत नव्हता. मी त्याची मान बघत होते, तिच्यावर घामाचा एक थेंब उतरत होता.

पहिला बार झाला. डुक्कर मागच्या पायांवर बसलं, परत उठलं, पांडूकडे झेपावलं. दुसरा बार झाला आणि ते आडवं पडलं, पांडूपासून दोन हातांवर.

त्यानंतरचा गोंधळ काय सांगू? पांडू रडत होता आणि हसत होता. लोक पात्रात उतरून नाचत होते. दाजी गवसांनी आबांना मिठी मारली, आणि आबांनी आपल्या चांगल्या हाताने इनासचं डोकं धरून स्वतःच्या छातीशी दाबलं. "झिला," ते म्हणाले, "माझ्या झिला." आबांना मुलगा मीच, एकुलती एक. इनास हसत होता. त्याच्या सदऱ्याची कॉलर बंदुकीच्या दारूने काळी झाली होती. कोणी काही विचारलं तरी तो नुसता हसत होता, मान हलवत होता. पाण्यातून वर आल्यावर माणूस मान हलवतो तशी. मला वाटलं, भीती आता उतरत असेल.

लोकांनी डुक्कर काठीला बांधलं, आबांना पुढे घातलं आणि ढोल वाजवत गावाची वाट धरली. आम्ही दोघं मागे राहिलो. इनासने तिकाटणं शोधून मिटलं, उजव्या खांद्यावर टाकलं. मी त्याच्या डाव्या बाजूने चालू लागले. ढोल हळूहळू लांब गेले. काजूच्या बागेत मग कोणीच नव्हतं. पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज तेवढा होता.

त्याला काय सांगायचं ते मी आधीपासून ठरवलं नव्हतं. मी घरातली शहाणी मुलगी होते. तिसरं स्थळ कुडाळचं होतं आणि माणसं चांगली आहेत असं सगळे म्हणत होते. पण त्या वाटेवर, त्याची काळी कॉलर बघत चालताना, मला एकदम कळलं की हे आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही. मी खाली बघून, हळू आवाजात बोलले.

"तुमी विचारशात, तर मी येयन. तुमच्या वांगडा. खंयय."

तो चालत राहिला.

मी वाट बघितली. पाच पावलं असतील, पन्नास असतील, मला ठाऊक नाही. मान वर करून बघायचा धीर झाला तेव्हा तो समोर बघत होता आणि त्याच्या तोंडावर तेच हसू होतं, मघाचंच, सगळ्यांना दिलेलं. मला वाटलं, मला लाजवायचं नाही म्हणून तो न ऐकल्यासारखं करतोय. भला माणूस आहे. नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलंय.

वळणावर तो थांबला, वळून माझ्याकडे बघितलं आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "त्या तिसऱ्या पायाक तेल लावून उन्हात ठेव. फुगतलो नाय मगे."

"बरां," मी म्हटलं.

शिमग्याआधी तो गेला. जायच्या दिवशी आबांच्या पाया पडायला आला होता. मी परसात भांडी घासत राहिले. आईने हाक मारली तेव्हा म्हटलं, हात खरकटे आहेत. तो पडवीत बराच वेळ थांबला होता, असं आई नंतर म्हणाली.

वैशाखात माझं लग्न झालं. कुडाळला. माणसं खरंच चांगली होती. माझ्या यजमानांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, ताट भिरकावलं नाही, माहेरी जायला नाही म्हटलं नाही. दोन मुलगे झाले, शिकले, नोकरीला लागले. मी तक्रार करायला हे सांगत नाही. पण माझ्या घराच्या मागे काजूची चार झाडं होती. मोहराचे दिवस आले की सकाळी दार उघडल्यावर तो वास यायचा आणि मी हातातलं काम विसरून उभी राहायची. "काय झालां?" हे विचारायचे. "काय नाय," मी म्हणायची. आणि खरंच काही झालेलं नसायचं. तेच तर होतं.

आबांनी त्यानंतर एकही शिकार केली नाही. पुढे कायदा आला, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पण त्या एका सकाळच्या आठवणीवर ते नव्वदी पार करेपर्यंत जगले. येईल त्याला सांगायचे. नातवांना, डॉक्टरांना, वीज खात्याच्या माणसाला. "इनासाच्या खांद्यावरसून मारलंय. तो हलाक नाय रे, भिंतीसारको." सांगताना त्यांचा वाकडा खांदासुद्धा वर उचलला जायचा. इनास सुटीवर आला की त्यांना भेटायला यायचा, खजूर आणायचा. मी तेव्हा कुडाळात असायची. त्याचं लग्न झाल्याचं, मुली झाल्याचं, तो परत येऊन डिचोलीत घर बांधून राहिल्याचं सगळं मला आबांकडून कळलं. मी आबांना त्याच्याविषयी स्वतःहून कधी विचारलं नाही. विचारावं लागायचं नाही.

आबा गेले तेव्हा माझे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. दिवसकार्य आटोपलं, माणसं पांगली, आई तर आधीच गेलेली. घर चुलतभावाच्या हाती सोपवायचं म्हणून मी मागे राहिले होते. अशा एका दुपारी खळ्यात मोटार थांबली. इनास उतरला. केस पांढरे, पोट सुटलेलं, चालणं तेच. बरोबर त्याची बायको फिलोमिना, हसऱ्या चेहऱ्याची, हातात मेणबत्त्या आणि फुलं. तिने आबांच्या फोटोपुढे फुलं ठेवली, डोळे पुसले, आणि माझी भावजय तिला परसातलं काजूच्या बोंडूंचं झाड दाखवायला घेऊन गेली.

आम्ही खळ्यातल्या बाकावर बसलो. मी त्याच्या डाव्या बाजूला. मी काही विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. परत विचारलं तेव्हा त्याने सबंध मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"कान गेलो?" मी मोठ्याने विचारलं.

"डावो. कधीचो."

"कुवेताक, कारखान्यात?"

"लोकांक तसांच सांगतंय. यंत्रांचो आवाज म्हणान." तो आबांच्या फोटोकडे बघत होता. पडवीतून तो दिसत होता. "आबा होते थंयसर दुसरां काय सांगूक येय नव्हतां. आता ते नायत. आता तुका सांगूक हरकत नाय."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"त्या दिवसा," तो म्हणाला. "पयल्या बारातच गेलो. दुसरो बार माका आयकूकच इलो नाय. निस्तो धक्को कळलो. वाटलां, दोन दिवसांनी बरो होयत. झालो नाय. पण आबांक कळलां असतां तर तेंचो तो बार तेंका आयुष्यभर खाल्लो असतो. ते इतके खूश होते. घरात, शेजारात, फिलोमिनाक सुद्धा मी खरां सांगूक नाय."

समोर काजूच्या बागेत ऊन पडलं होतं. ती वाट आता डांबरी झाली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिकाटणं त्याच्या उजव्या खांद्यावर होतं. म्हणून मी डाव्या बाजूने चालत होते. एवढ्या वर्षांत मी त्या वाटेवरून मनाने किती वेळा उतरले असेन, त्याचं हसू किती परींनी वाचलं असेल, तो नको म्हणतोय, तो घाबरलाय, त्याला माझी कीव आलीय. कोणत्या बाजूने चालले हे कधी आठवून बघितलं नव्हतं. कशाला बघेन?

"तारू," तो म्हणाला. त्याने मला नावाने हाक मारलेली मी पूर्वी ऐकली नव्हती. "येताना वाटेर तू कायतरी बोललंस. माका आयकूक येय नव्हतां, पण तुझे ओठ हललेले माका दिसले. मी विचारूक जाय होतंय. पण विचारलंय असतंय तर कान गेलो ह्यां तुका कळलां असतां, आणि तू आबांक सांगितलंस असतंस. म्हणान हसलंय आणि पायाचां कायतरी बोललंय. मगे जावच्या दिवसा थांबलंय, तू भायर येशीत म्हणान. तू इलंस नाय."

परसातून बायकांचं हसणं ऐकू आलं. फिलोमिना काहीतरी सांगत होती आणि भावजय हसत होती.

"काय बोललंस गो तेव्हा?" त्याने विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. पाऊस, तेल, तहान, काहीही. त्याला पटलं असतं आणि तो सुखाने घरी गेला असता. मी उठले. बाकाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. गुडघे दुखत होते, बसायला वेळ लागला. तो वाट बघत होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि त्या दिवशीइतक्याच हळू आवाजात म्हटलं, "तुमी विचारशात, तर मी येयन. तुमच्या वांगडा. खंयय."

तो हलला नाही. मान माझ्याकडे कललेली, तो समोर बघत होता.

"परत सांग," तो म्हणाला.

"आयकूक नाय इलां?"

"इलां," इनास म्हणाला. "परत सांग."